आकडीच्या औषधावर आकडा लिहा

प्रति,
माननीय औषध महानियंत्रक, भारत सरकार,
आयुष मंत्रालयातील अधिकारी,
आणि राज्याराज्यांतले आयुर्वेदिक औषधांचे परवाना अधिकारी यांस,

विषय : भांगेच्या पानांच्या अर्कापासून केलेल्या तेलाच्या बाटलीवर सीबीडी (झटक्यांवर काम करणारा घटक) आणि टीएचसी (नशा आणणारा घटक) यांचं प्रमाण छापण्याबाबत.

सादर नमस्कार.

मी सांगलीत एका शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. तीन संख्या हातात असल्या की चौथी काढता येते, हे मी सोळा वर्षं फळ्यावर सांगत आलेय. पुस्तकात आता त्याला समचलन म्हणतात, माझ्या तोंडी अजून त्रैराशिकच बसलंय. गेल्या वर्षी माझ्याच स्वयंपाकघरात माझं त्रैराशिक चुकलं. रीत चुकली नव्हती. मांडलेल्या तीन संख्यांपैकी एक भलत्याच गोष्टीची होती, आणि ती मी औषधाच्या बाटलीवरून उतरवून घेतली होती.

माझा धाकटा नऊ वर्षांचा आहे, वजन 18 किलो. त्याला लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम आहे. अपस्माराच्या, म्हणजे आकडीच्या, या प्रकारात बरेच झटके ‘ड्रॉप’चे असतात, म्हणजे उभं मूल दोरी तुटल्यासारखं खाली येतं. पडताना हात पुढे येत नाहीत, म्हणून कपाळ आणि हनुवटी आधी आपटते. आमच्याकडे घरातल्या घरात सायकलचं हेल्मेट घालतात. हनुवटीला तीनदा टाके पडलेत. कालनिर्णयच्या चौकटीत डाव्या कोपऱ्यात दुधाचा रतीब लिहिलेला असतो आणि उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या उभ्या रेघा, एका झटक्याला एक, पाचवी आडवी. काही तारखांना रेघा मावत नाहीत, शेजारच्या दिवसात शिरतात.

व्हॅल्प्रोएट, क्लोबाझॅम आणि लॅमोट्रिजिन ही झटक्यांवरची औषधं चालू आहेत. लेव्हेटिरासेटम दिलं आणि बंद केलं, कारण तो स्वतःचेच हात चावायला लागला. किटो आहार, म्हणजे जवळजवळ सगळं स्निग्ध पदार्थांवरचं जेवण, साडेसात महिने केला. ग्रॅमवर तोललेलं तूप-खोबरं त्याच्या तोंडात घालायचं आणि तो थुंकला तर थुंकलेलं किती गेलं याचा अंदाज बांधायचा. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत, तर त्या अपस्माराला औषधांना दाद न देणारा म्हणतात. देशात अपस्माराचे रुग्ण एक कोटीच्या वर मानले जातात आणि त्यांतल्या साधारण तिघांत एकाची गत ही अशी. म्हणजे हे पत्र मी लिहितेय, पण घरं पुष्कळ आहेत.

सासूबाईंच्या लहानपणी आकडी आली की कांदा फोडून नाकाशी धरत, नाहीतर चप्पल हुंगवत. आमच्या पिढीला व्हॉट्सॲपवर लिंक येते.

मला आलेल्या लिंकमध्ये अमेरिकेतल्या कोलोराडोची शार्लट फिगी होती. ड्राव्हे सिंड्रोम, म्हणजे लहानपणीच सुरू होणारा अपस्माराचा एक चिवट प्रकार, असलेली ही मुलगी. तिचे झटके भांगेच्या एका वाणाच्या तेलाने आटोक्यात आले, ते 2013 मध्ये टीव्हीवर दाखवलं गेलं आणि जगभरचे आईबाप तेल शोधायला लागले. मी तेवढ्यावर थांबले नाही, हे माझ्या बाजूने सांगते. त्यानंतरचं संशोधन वाचलं. गणिताची असल्यामुळे तक्ते वाचायला मला कंटाळा येत नाही.

ते संशोधन खरोखर चांगलं आहे. तेल म्हटलं की डोळे फिरवणाऱ्या डॉक्टरांसाठीही हे लिहितेय. 2017 मध्ये ड्राव्हेच्या 120 मुलामुलींवरचा अभ्यास छापून आला. निम्म्यांना शुद्ध कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, किलोमागे रोज 20 मिलिग्रॅम. निम्म्यांना तशाच चवीचं पण औषध नसलेलं द्रव. सीबीडीच्या गटात महिन्याचे मोठे झटके 12.4 वरून 5.9 वर आले, दुसऱ्या गटात 14.9 वरून 14.1 वर. (हे मध्यक आहेत, सरासरी नव्हे. आठवीच्या मुलांना हा फरक मी घसा बसेपर्यंत सांगते.) पुढच्या वर्षी लेनॉक्स-गॅस्टोच्या 225 जणांचा अभ्यास आला, म्हणजे माझ्या मुलाच्याच आजाराचा. कोसळण्याचे झटके 20 मिलिग्रॅमच्या गटात 41.9 टक्क्यांनी घटले, 10 मिलिग्रॅमच्या गटात 37.2 टक्क्यांनी, आणि काहीच औषध नसलेल्या गटात 17.2 टक्क्यांनी.

त्या शेवटच्या 17.2 वर मी तेव्हा फार वेळ थांबले नाही. थांबायला हवं होतं. नुसतं गोड द्रव पिऊनही झटके सहावा हिस्सा कमी मोजले जातात, कारण आईबाप फार वाईट महिना गेल्यावरच नव्या औषधाकडे वळतात आणि फार वाईट महिन्यानंतरचा महिना बहुधा जरा बराच असतो. शिवाय आशेने मोजणारा हात एखादी रेघ गाळतो. मी गाळल्या असतील. शपथेवर नाही सांगू शकत.

दुसरी गोष्ट. या सगळ्या मुलांची आधीची औषधं चालूच होती. सीबीडी त्यांच्या जोडीला दिलं होतं, त्यांच्या जागी नाही. 25 जून 2018 ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाला मान्यता दिली ती दोन वर्षांवरच्या, ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टोच्या रुग्णांसाठी. 2020 मध्ये त्यात ट्यूबरस स्क्लेरोसिस हा झटके आणणारा आणखी एक आजार आला. युरोपने 2019 मध्ये मान्यता देताना तर अटच घातली की या दोन आजारांत ते क्लोबाझॅमबरोबर द्यायचं. ते औषध म्हणजे तिळाच्या तेलातलं, स्ट्रॉबेरीच्या चवीचं द्रव, आणि त्याच्या एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम सीबीडी. प्रत्येक बाटलीत तेवढंच. बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत साडेबत्तीस हजार डॉलर सांगितली गेली होती, तेव्हाच्या भावाने जवळपास 22 लाख रुपये. परदेशातून औषध स्वतःपुरतं मागवायला 12-ए नमुन्याचा अर्ज असतो, तो मला माहीत आहे. अर्ज मी भरीन. 22 लाख कुठून भरू?

म्हणून मी ऑनलाइन मिळणारी बाटली घेतली. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझं भांडण एका कंपनीशी नाही. फोनवर सात मिनिटांत सल्ला झाला, चिठ्ठी ईमेलवर आली आणि चौथ्या दिवशी कुरिअर. 30 मिलीची काळी बाटली, काचेचा ड्रॉपर, सोनेरी अक्षरं. वर छापलेलं : विजया पत्र अर्क 1500 मि.ग्रॅ., म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क. आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक होता, बॅच नंबर होता, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे ही सूचनाही होती. सासूबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, “पोराला भांग पाजतेस होय गं?” मी ठसक्यात म्हणाले, “नशेचा भाग काढून टाकलेला असतो, आई.” हे मी कुठे वाचलं होतं? विकणाऱ्याच्याच जाहिरातीत.

आता त्रैराशिक. 30 मिलीत 1500, म्हणजे 1 मिलीत 50. मुलाचं वजन 18 किलो, अभ्यासातली लहान मात्रा किलोमागे 10, म्हणजे दिवसाला 180 मिलिग्रॅम. 180 भागिले 50, उत्तर 3.6 मिली. विकणाऱ्याने चिठ्ठीवर दिवसातून दोनदा पाच-पाच थेंब लिहिले होते. मला वाटलं, हे बिचारे भीत-भीत सांगतायत, मी तर अभ्यास वाचलाय. महिनाभर हळूहळू वाढवत सकाळी 1.8 आणि रात्री 1.8 मिलीवर आणलं. केमिस्टकडून सुई नसलेली 2 मिलीची सिरिंज आणली होती. बाटली आठ दिवसांत संपायची. न्यूरॉलॉजिस्टना सांगितलं नाही. रागावतील असं वाटलं, खरं कारण तेवढंच.

कालनिर्णयवरच्या रेघा पहिल्या महिन्यात कमी झाल्या. मी आनंदाने दुकानातून पेढे आणले. मग पुढच्या मागवलेल्या बाटल्या आल्या. नाव तेच, लेबल तेच, पण तेलाचा रंग आधीच्यापेक्षा गडद, हिरवट आणि वास उग्र. बॅच वेगळी. मी तितकंच दिलं, 1.8 आणि 1.8. तिसऱ्या दिवशी तो जेवणाच्या ताटावर झोपला. चौथ्या दिवशी उठवला तर डोळे लाल, पाय लटपटत होते, आणि मधेच स्वतःशीच हसत होता. माझा मुलगा स्वतःशी हसत नाही. ते हसू बघून माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टर मॅडमनी बाटली हातात घेतली, फिरवून वाचली.

“रोज किती सीबीडी जातंय?”

“180 मिलिग्रॅम.”

“हे कशावरून?”

मी हिशोब सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि लेबलवर बोट ठेवलं. “मॅडम, हे 1500 अर्काचे आहेत. अर्कात सीबीडी किती?”

बाटली मी पुन्हा वाचली. खोका वाचला. आतली घडी केलेली चिठ्ठी वाचली. कुठेच नव्हतं. तो तपासणी खोलीत झोपलेला आणि मी गणिताची शिक्षिका एका साध्या प्रश्नाला उत्तर नसलेली.

अर्क म्हणजे पानातून विरघळून निघालेलं सगळंच. त्यात सीबीडी असतं, नशा आणणारं टीएचसी असतं, हिरवा रंग, मेण, आणखी पुष्कळ काही. सीबीडी दहा टक्के असेल तर मी 18 मिलिग्रॅम देत होते, साठ टक्के असेल तर 108. टीएचसी किती गेलं, कोण जाणे. रक्तात एसजीपीटी, म्हणजे यकृताची तब्येत सांगणारं एन्झाइम, 168 आलं, चाळिसाच्या आसपास असायला हवं तिथे. मग डॉक्टरांनी मला ज्या गोष्टी सांगितल्या त्या बाटलीवर असायला हव्या होत्या. सीबीडीमुळे शरीरात क्लोबाझॅमचा एक घटक साचतो, त्याची रक्तातली पातळी तिप्पटसुद्धा होते आणि मूल पेंगतं. व्हॅल्प्रोएटच्या जोडीला सीबीडी असलं की यकृताची ही एन्झाइम वाढायचा धोका जास्त, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतरही रक्त तपासावं लागतं. तुपकट जेवणाबरोबर दिलं तर सीबीडी चार-पाच पट जास्त शोषलं जातं, तेव्हा रोज एकाच पद्धतीने द्यायचं, आज उपाशीपोटी आणि उद्या श्रीखंड-पुरीवर असं नाही.

मग माझ्या मुलाची ती अवस्था कशाने झाली होती? सीबीडीने क्लोबाझॅम वाढवलं म्हणून? सरळ टीएचसीने? दोन्हींनी? डॉक्टरांना सांगता आलं नाही, कारण बाटलीने त्यांना सांगितलं नव्हतं. तेल थांबवलं, बाकीची औषधं एक वेळही चुकवायची नाहीत अशी ताकीद मिळाली, पाच आठवड्यांनी एसजीपीटी खाली आलं. रेघा पूर्वीच्या ठिकाणी गेल्या. सीबीडीचा माझ्या मुलाला उपयोग होतो की नाही, हे मला आजही कळलेलं नाही. एवढं सगळं करून कळलं नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

आता तुमच्याकडे येते.

1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येतून बाहेर. त्या फटीतून हे तेल येतं. पानांचा अर्क, आयुर्वेदिक परवाना, विजया हे भांगेचं जुनं नाव. माझा आयुर्वेदावर रोष नाही. औषध व प्रसाधनं कायद्याच्या नियमांत ई-1 नावाची यादी आहे, त्यात भांग विषारी द्रव्यांमध्ये धरलेली आहे आणि म्हणूनच बाटलीवर देखरेखीची सूचना छापतात. म्हणजे हे द्रव्य जपून द्यायचं आहे हे तुम्हालाही मान्य आहे. पण जपायचं कसं, किती म्हणजे जास्त, हे सांगणारी एकच गोष्ट त्या लेबलवर नाही. द्रव्याचं वजन आहे, त्यातल्या काम करणाऱ्या आणि झिंग आणणाऱ्या घटकांचं नाही. गुळाच्या ढेपेवर वजन लिहिलं तर चालतं, ढेप सगळी गूळच असते. अर्क तसा नसतो. तोच कारखाना, तीच कृती, पण वाण बदललं, शेत बदललं, पानं लवकर-उशिरा खुडली की आतलं प्रमाण बदलतं. माझ्या दोन बाटल्यांचा रंगच सांगत होता.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी 84 सीबीडी उत्पादनं तपासून 2017 मध्ये निष्कर्ष छापले गेले. लेबलाशी जुळलं ते 26 मध्येच, आणि 18 मध्ये टीएचसी सापडलं. तिथे निदान लेबलवर खोटा का होईना आकडा होता, म्हणून खोटा ठरवता आला. आमच्या बाटलीला तेवढीही सोय नाही.

मोजता येत नाही असं कोणी म्हणू नये. 1839 मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ओशॉनेसी नावाच्या डॉक्टराने भांगेच्या अर्कावर लिहिलं, त्यात चाळीस दिवसांच्या एका तान्ह्या मुलीची हकीकत आहे. तिचे झटके या अर्काने आटोक्यात आले. थेंब मोजून देत होता बिचारा, थेंबात काय आहे हे मोजायचं साधन जगात कोणाकडेच नव्हतं. सीबीडी वेगळं काढलं गेलं 1940 मध्ये, त्याची रचना राफाएल मेशुलम यांनी इस्रायलमध्ये उलगडली 1963 मध्ये. आज घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी यंत्र फार्मसी कॉलेजांतसुद्धा असतं. 2018 मध्ये उत्तराखंडाने हेम्पच्या, म्हणजे कमी नशेच्या भांगेच्या, लागवडीला परवानगी दिली तेव्हा पिकात टीएचसी 0.3 टक्क्यांच्या वर नको अशी मर्यादा घातली. शेतात उभ्या पिकाचं टीएचसी मोजायला लावतो आपण, आणि मुलाच्या तोंडात जाणाऱ्या थेंबाचं नाही.

तेव्हा मागणी अशी. या अर्काच्या प्रत्येक बाटलीवर, बॅचनिहाय, एका मिलिलिटरमध्ये सीबीडी किती मिलिग्रॅम आणि टीएचसी किती मिलिग्रॅम, हे छापणं बंधनकारक करा. अक्षर एवढं मोठं असू द्या की चष्मा नसलेल्या आजीला वाचता येईल. बॅच नंबर टाकला की प्रयोगशाळेचा अहवाल उघडला पाहिजे. क्लोबाझॅम किंवा व्हॅल्प्रोएट चालू असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना सांगितल्याशिवाय देऊ नये, हे मराठीत, हिंदीत, जिथे विकता तिथल्या भाषेत लिहायला लावा. ‘फिट्स कायमच्या बंद’ अशा जाहिराती तर 1954 च्या औषध व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यातच बसत नाहीत, अपस्मार त्याच्या यादीत आहे. तो कायदा फक्त वापरायचा आहे.

आणि माननीय औषध महानियंत्रक, लेबल सुधारलं तरी ते तेल म्हणजे अभ्यासात सिद्ध झालेलं औषध होत नाही, हे मला कळतं. 18 किलोच्या मुलाला 180 मिलिग्रॅम लागतात. शुद्ध औषधाचे ते 1.8 मिली होतात. दहा टक्के सीबीडी असलेल्या माझ्या बाटलीतून तेवढं काढायचं तर रोज 36 मिली, म्हणजे रोज एक अख्खी बाटली आणि वर थोडी दुसरीतली. कोणतं घर हे करेल? म्हणून शुद्ध, मोजलेलं सीबीडी इथे बनावं आणि परवडेल अशा दरात सरकारी रुग्णालयांच्या मेंदूविकार विभागांत मिळावं. जम्मूच्या सीएसआयआर-आयआयआयएम या सरकारी संशोधन संस्थेत औषधांसाठी भांगेवर संशोधन चाललंय आणि त्यात अपस्मारावरच्या औषधाचाही विचार आहे, असं 2023 मध्ये केंद्रीय मंत्र्यांनीच सांगितलं होतं. त्या शेतापासून आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या औषधखिडकीपर्यंतचा रस्ता किती लांब आहे, तो एकदा जाहीर सांगा. महिन्यांत सांगा, वर्षांत सांगा, चालेल. मोजायची मला सवय आहे.

ज्या आईबापांनी हे पत्र इथवर वाचलं त्यांच्यासाठी एवढंच : तेल चालू असेल तर आज डॉक्टरांना फोन करून सांगा. ते रागावत नाहीत. माझ्या मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी मला चहा मागवला. आणि तेल चांगलं वाटतंय म्हणून जुन्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. अचानक गोळ्या तुटल्या की एकामागून एक न थांबणारे झटके येतात आणि अतिदक्षता विभाग गाठावा लागतो.

त्या शेवटच्या बाटलीत सात मिली तेल उरलंय. फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे, रबर लावून ठेवलंय. बॅच नंबर अजून स्पष्ट वाचता येतो. तुमच्या प्रयोगशाळेचा पत्ता कळवलात तर मी स्वखर्चाने कुरिअर करते. त्यात सीबीडी किती आणि टीएचसी किती, एवढे दोन आकडे मला उलट टपाली हवेत.

कळावे,

लेनॉक्स-गॅस्टो असलेल्या एका मुलाची आई,
सांगली